'ॲक्नॉलेज' नेमके कुठे आणि कसे वापरावे : कार्यालयीन इंग्रजी नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

महापे, रबाळे, तुर्भे या ठाणे-बेलापूर मार्गावरील पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पहिली नोकरी धरणाऱ्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींना पहिल्या काही दिवसांतच ईमेलच्या शेवटी 'प्लीज ॲक्नॉलेज' असे दोन शब्द दिसतात. त्याला काय उत्तर द्यायचे हे शाळेत कोणी शिकवलेले नसते. कोणी 'ओके सर' लिहितो, कोणी 'ॲग्रीड' लिहून मोकळा होतो, तर कोणी मजकूर कळला आहे, मग उत्तराची गरज काय, असे समजून गप्प बसतो. यातले 'ॲग्रीड' हे उत्तर सर्वांत धोक्याचे आहे, कारण समोरच्याने फक्त पोच मागितलेली असताना आपण संमती देऊन बसतो. या एकाच क्रियापदावर संपूर्ण लेख लिहिण्याचे कारण हेच आहे. कार्यालयीन इंग्रजीत ते रोज लागते, आणि जरा चुकीच्या जागी पडले तर मनात नसलेली कबुली आपल्या नावावर लागते.

मूळ अर्थ आधी पक्का करून घ्यावा. एखादी गोष्ट आपल्यापर्यंत पोचली आहे किंवा ती आहे हे आपण जाणतो, एवढे समोरच्याला कळेल अशा रीतीने दर्शवणे म्हणजे ॲक्नॉलेज करणे. यात जाणणे आहे आणि ते व्यक्त करणेही आहे. पत्र वाचून कपाटात ठेवले तर ते पत्र आपल्याला माहीत झाले, पण आपण ते ॲक्नॉलेज केले असे होत नाही. याउलट एका ओळीचे उत्तर, कागदावरची सही किंवा नुसती मान डोलावणे यांनीही ॲक्नॉलेज करता येते. आपण नेमके किती मान्य केले हे मात्र या क्रियापदावरून ठरत नाही. ते त्याच्यापुढे येणाऱ्या कर्मावरून ठरते, आणि म्हणून शिकण्याची सुरुवात तिथूनच करावी.

पहिली पायरी : क्रियापदाचे कर्म शोधा

कर्म जर पत्र, अर्ज, ईमेल, माल किंवा रक्कम असेल, तर अर्थ 'पोच देणे' एवढाच होतो. बेलापूरच्या सिडको भवनात किंवा पाचपाखाडीच्या महापालिका मुख्यालयात अर्ज देताना जाणकार माणूस दोन प्रती नेतो. आवक-जावक लिपिक एक प्रत ठेवून घेतो आणि दुसरीवर गोल किंवा चौकोनी शिक्का मारून तारीख घालतो, आवक क्रमांक लिहितो आणि बारीक सही करून ती प्रत परत देतो. ती शिक्क्याची प्रत म्हणजे ॲक्नॉलेजमेंट. त्या सहीने लिपिकाने अर्जातली मागणी मान्य केलेली नसते. त्याने बहुधा अर्ज वाचलेलाही नसतो, आणि त्या टेबलावर तशी अपेक्षाही नसते. अमुक तारखेला अमुक कागद कार्यालयात आला, एवढाच त्या शिक्क्याचा अर्थ. तरीही त्याची किंमत मोठी आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याखाली अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला, तर अर्जाची पोच, स्वतंत्र अर्ज क्रमांक आणि सेवा किती मुदतीत मिळेल हे अर्जदाराला कळवावे लागते. मुदत मोजायची ती याच पोचेच्या आधारे.

आयकर विवरणपत्र भरल्यावर निघणाऱ्या कागदावरही 'ॲक्नॉलेजमेंट' असेच छापलेले असते. नवी नोकरी लागलेले पुष्कळ जण तो कागद हाती आला की काम संपले असे समजतात. प्रत्यक्षात विवरणपत्र दाखल केल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, आणि विभागाने हिशोब तपासणे हा त्याच्याही पुढचा भाग आहे. विवरणपत्र पोचले एवढेच तो कागद सांगतो. आधार केंद्रावर मिळणाऱ्या नोंदणीच्या चिठ्ठीचेही तेच. ती आधार कार्डाच्या जागी चालत नाही.

ऐरोली आणि महापे येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना हा फरक सर्वांत लवकर समजतो. सर्व्हरमध्ये बिघाड झाला की पडद्यावर इशारा येतो आणि त्याच्यासमोर सहसा दोन वेगळी बटणे असतात, 'ॲक्नॉलेज' आणि 'रिझॉल्व्ह'. पहिले दाबले की इशारा कोणीतरी पाहिला आहे आणि त्याच्याकडे लक्ष देत आहे, एवढी नोंद होते. बिघाड दुरुस्त झाल्याची नोंद दुसऱ्या बटणाने होते. संगणकांच्या आपसांतील संवादातही हाच शब्द याच अर्थाने रुळला आहे. इंटरनेटवरील बराचसा मजकूर ज्या टीसीपी नियमावलीने पोचवला जातो, तिच्यात मजकूर घेणारा संगणक पाठवणाऱ्याला 'ॲक' नावाची छोटी पोच परत पाठवतो, आणि ती ठरावीक वेळेत आली नाही तर पाठवणारा तोच मजकूर पुन्हा पाठवतो. मिळालेल्या मजकुराचे पुढे काय झाले, याच्याशी त्या पोचेचा संबंध नसतो.

आता कर्म बदलून पाहावे. 'ॲक्नॉलेज'पुढे चूक, दोष, वस्तुस्थिती किंवा 'दॅट'ने सुरू होणारे उपवाक्य आले की अर्थ 'पोच'वरून 'कबुली'वर जातो. 'वी ॲक्नॉलेज युवर कम्प्लेंट' याचा अर्थ तुमची तक्रार आमच्याकडे आली. 'वी ॲक्नॉलेज दॅट द डिले वॉज अवर फॉल्ट' याचा अर्थ उशीर आमच्यामुळे झाला हे आम्ही मान्य करतो. क्रियापद एकच, पण पहिल्या वाक्याने काहीच गमावले जात नाही आणि दुसऱ्या वाक्यानंतर नुकसानभरपाईची चर्चा सुरू होऊ शकते. पहिल्या नोकरीत असलेल्याने 'दॅट' लिहिण्याआधी एकदा थांबावे आणि पुढचे उपवाक्य मराठीत म्हणून पाहावे. ते वाक्य साहेबांसमोर मराठीत म्हणायला जीभ अडखळत असेल, तर ते इंग्रजीतही लिहू नये.

नोकरीवर रुजू होताना सही करायला दिल्या जाणाऱ्या कागदांत हा 'दॅट' हमखास असतो. 'आय ॲक्नॉलेज दॅट आय हॅव रेड अँड अंडरस्टूड द पॉलिसी' असे वाक्य असते आणि त्याखाली सहीची रेघ. ही नुसती पुस्तिका मिळाल्याची पोच नव्हे. नियम वाचले आणि समजले, असे आपण त्यात लेखी देत असतो, आणि पुढे नियमभंगाचा प्रश्न आला की हाच कागद समोर ठेवला जातो. म्हणून पुस्तिका वाचायला वेळ मागून घ्यावा. तसा वेळ मागण्यात गैर काही नाही, आणि चांगल्या कार्यालयात तो दिलाही जातो.

कर्जाच्या बाबतीत या शब्दाला कायद्याचे बळ आहे. मुदत कायदा, १९६३ याच्या कलम १८ प्रमाणे, दाव्याची मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने आपली जबाबदारी लेखी मान्य करून त्यावर सही केली, तर सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. उसन्या पैशांच्या वसुलीसाठी ही मुदत साधारणपणे ३ वर्षांची असते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असेही आहे की, अशा कबुलीसोबत पैसे देण्यास नकार दिलेला असला तरी ती कबुली पुरेशी ठरू शकते. म्हणजे 'तुमचे देणे आहे, पण आत्ता देणार नाही' असे सहीनिशी लिहिले, तरी देणे मान्य झालेच. दुकानाच्या किंवा छोट्या कारखान्याच्या हिशोबात बसणाऱ्या नवख्याला शिल्लक रकमेच्या पत्रावर सही करण्याचे काम सहज सांगितले जाते. त्या पत्रात 'वी ॲक्नॉलेज द बॅलन्स' असे शब्द असतील, तर सही करण्यापूर्वी मालकाला किंवा लेखापालाला विचारलेच पाहिजे.

उरलेले तीन अर्थ तितके नाजूक नाहीत. कर्म मदत, मार्गदर्शन किंवा योगदान असेल, तर अर्थ 'ऋण व्यक्त करणे' असा होतो, आणि महाविद्यालयातील प्रकल्प अहवालाच्या सुरुवातीचे 'ॲक्नॉलेजमेंट्स' हे पान म्हणजे आपला ऋणनिर्देश. कर्म माणूस असेल, तर आपण मराठीत जिला 'ओळख दाखवणे' म्हणतो ती क्रिया समजावी. ठाणे स्थानकाच्या पुलावर जुना मित्र समोरून गेला आणि त्याने साधी मानही हलवली नाही, तर 'ही डिड नॉट ॲक्नॉलेज मी' असे म्हणतात. आणि एखाद्याला नेता किंवा तज्ज्ञ मानणे याही अर्थाने ते येते, जसे 'शी इज ॲक्नॉलेज्ड ॲज ॲन एक्सपर्ट'.

दुसरी पायरी : वाक्याची बांधणी

हे सकर्मक क्रियापद आहे आणि कर्म त्याला थेट जोडले जाते, मध्ये शब्दयोगी अव्यय लागत नाही. मराठीत आपण 'पत्राची पोच', 'पत्राबाबत कळवणे' असे म्हणत असल्यामुळे 'ॲक्नॉलेज अबाउट द लेटर' किंवा 'ॲक्नॉलेज ऑफ द लेटर' असे लिहिले जाते. दोन्ही चूक आहेत. 'ॲक्नॉलेज द लेटर' किंवा अधिक औपचारिक 'ॲक्नॉलेज रिसीट ऑफ द लेटर' हे बरोबर. या दुसऱ्या वाक्यातला 'ऑफ' हा 'रिसीट'चा आहे, क्रियापदाचा नाही.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे 'प्लीज ॲक्नॉलेज मी'. 'मला पोच द्या' हे मराठी वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत गेले की ते तयार होते. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र त्यातून 'कृपया माझी दखल घ्या' असे ऐकू येते, आणि अर्जाच्या शेवटी ते केविलवाणे वाटते. त्याऐवजी 'प्लीज ॲक्नॉलेज रिसीट ऑफ धिस ईमेल' लिहावे. 'मला' हा शब्द आणायचाच असेल, तर नाम वापरून 'प्लीज सेंड मी ॲन ॲक्नॉलेजमेंट' असे म्हणता येते. ऋणनिर्देशातही हीच गल्लत होते. 'आय ॲक्नॉलेज टु माय गाइड' हे वाक्य अपुरे आहे, कारण काय ॲक्नॉलेज केले ते त्यात आलेलेच नाही. 'आय ॲक्नॉलेज द हेल्प ऑफ माय गाइड' हे पूर्ण वाक्य झाले.

या क्रियापदामागे दुसरी क्रिया आणायची असेल, तर ती 'आयएनजी' रूपात येते. 'ही ॲक्नॉलेज्ड टेकिंग द फाइल' हे बरोबर आणि 'ही ॲक्नॉलेज्ड टु टेक द फाइल' हे चूक. कर्मणी प्रयोगात मात्र 'इज ॲक्नॉलेज्ड टु बी' ही रचना चालते, त्यामुळे पुस्तकात ती दिसली तर गोंधळून जाऊ नये. 'वी आर ॲक्नॉलेजिंग युवर लेटर' असे चालू काळात लिहिण्याची सवय आपल्याकडे फार आहे. पोच देण्याची क्रिया त्या वाक्यानेच पूर्ण होत असल्यामुळे साधा वर्तमानकाळ पुरतो : 'वी ॲक्नॉलेज युवर लेटर'.

तिसरी पायरी : शेजारच्या शब्दांपासून वेगळे करणे

'ॲडमिट' आणि 'ॲक्नॉलेज' हे दोन्ही कबुलीचे शब्द आहेत, पण 'ॲडमिट'मध्ये नाइलाज आणि अनेकदा दोषाची छटा असते. चूक आपणहून आणि सभ्यपणे मान्य करायची असेल, तेव्हा 'ॲक्नॉलेज' अधिक शोभते. 'ॲक्सेप्ट' म्हणजे देऊ केलेली गोष्ट स्वीकारणे. नोकरीचे पत्र आल्यावर 'आय ॲक्नॉलेज युवर ऑफर' एवढेच लिहिले, तर पत्र मिळाले इतकेच कळते आणि तुम्ही येणार की नाही हे कंपनीला उमगत नाही. तिथे 'आय ॲक्सेप्ट' हवे. उलट दोन ठिकाणांहून पत्रे आली आहेत आणि विचाराला दोन दिवस हवे आहेत, अशा वेळी 'ॲक्नॉलेज' हाच नेमका शब्द होय, कारण त्याने सौजन्य पाळले जाते आणि हातही बांधले जात नाहीत. 'कन्फर्म' म्हणजे तपासून खात्री देणे. खात्यात रक्कम दिसल्याशिवाय 'वी कन्फर्म द पेमेंट' लिहू नये. पावती किंवा धनादेश नुसता हाती आला असेल, तर 'वी ॲक्नॉलेज रिसीट ऑफ द चेक' इतकेच खरे आहे, कारण तो वटायचा आहे.

चौथी पायरी : प्रत्यक्ष लेखन

पोचेचे उत्तर लहान असावे, आणि काय मिळाले व कधी मिळाले हे त्यात यावे. साधा नमुना असा : 'वी ॲक्नॉलेज रिसीट ऑफ युवर लेटर डेटेड १२ जून.' पुढे काय होणार ते सांगायचे असेल, तर दुसरे वाक्य जोडावे : 'वी विल रिप्लाय बाय १८ जून.' ही तारीख पाळता येईल अशीच द्यावी. मजकुराशी आपण सहमत आहोत असा समज होऊ नये, असे वाटत असेल तेव्हा तेही उघड लिहावे : 'धिस इज ॲन ॲक्नॉलेजमेंट ऑफ रिसीट ओन्ली.' हे छोटे वाक्य पुष्कळ तंटे वाचवते, आणि नव्याने लिहिणाऱ्याने ते पाठच करून ठेवावे असे मी आग्रहाने सांगेन. वकिलाची नोटीस आली असेल, तर मात्र पोचेचा मसुदाही स्वतः लिहू नये. तो वरिष्ठांकडे द्यावा.

मालाच्या बाबतीत हाच नियम हाताने लिहावा लागतो. तुर्भ्याच्या गोदामात टेम्पो येतो, चालक घाईत असतो आणि चलन पुढे करतो. त्यावर छापलेले असते की माल पूर्ण आणि चांगल्या स्थितीत मिळाला. खोकी १२ असतील, ती मोजली असतील, पण उघडलेली नसतील, तर सहीच्या वर 'रिसीव्हड १२ बॉक्सेस, कंटेंट्स नॉट चेक्ड' असे लिहावे, एखादे खोके दबलेले असेल तर तेही नोंदवावे, आणि मगच तारीख व वेळ घालून सही करावी. चालकाला दोन मिनिटे थांबावे लागेल, हरकत नाही. जे डोळ्यांनी पाहिले तेवढ्याचीच पोच दिली गेली पाहिजे.

आपण स्वतः पोच मागणार असू, तर काय हवे ते स्पष्ट मागावे. 'काइंडली ॲक्नॉलेज द सेम' हे आपल्या कार्यालयांत सर्रास चालते आणि समजतेही, पण 'द सेम' म्हणजे ईमेल, जोडलेली फाइल की त्यातली रक्कम, हे वाचणाऱ्यावर सोडले जाते. 'प्लीज ॲक्नॉलेज रिसीट ऑफ द अटॅच्ड बिल' असे लिहिले की उत्तरही नेमके येते. 'रजिस्टर एडी' हे शब्द सोसायटीच्या प्रत्येक जुन्या सभासदाने ऐकलेले आहेत. त्यातली 'एडी' म्हणजे 'ॲक्नॉलेजमेंट ड्यू', म्हणजे पत्र घेणाऱ्याची सही असलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत आली पाहिजे, अशी पाठवण.

पाचवी पायरी : उच्चार आणि स्पेलिंग

स्पेलिंगची युक्ती सोपी आहे. 'नॉलेज' हा शब्द पूर्ण लिहावा आणि त्याच्या आधी ए आणि सी ही दोन अक्षरे ठेवावीत. 'नॉलेज'मधले डी हे अक्षर गाळणे ही नेहमीची चूक यामुळे आपोआप टळते. 'नॉलेज'मध्ये मूक असलेला के इथे 'क' म्हणून ऐकू येतो. शब्दाचे तीन तुकडे होतात, अक्-नॉ-लिज, आणि जोर मधल्या 'नॉ'वर पडतो. पहिल्या तुकड्यातला स्वर मोकळा 'ॲ' नसून आखूड 'अ'कडे झुकणारा आहे. लिहिताना आपण 'ॲक्नॉलेज' लिहितो म्हणून बोलतानाही 'ॲ'वर जोर देण्याची सवय लागते, ती सुरुवातीलाच मोडावी. भूतकाळी रूप 'अक्नॉलिज्ड' असे एका झटक्यात संपते, शेवटी 'जेड' असा वेगळा तुकडा करू नये. नामाचे स्पेलिंग दोन प्रकारे आढळते. ब्रिटिश पद्धतीत 'मेंट'च्या आधी ई हे अक्षर राहते, अमेरिकन पद्धतीत ते गळते. आयकराच्या पोचेवर ई आहे आणि मुदत कायद्यात ते नाही, त्यामुळे दोन्ही रूपे बरोबर धरावीत, मात्र एका पत्रात एकच ठेवावे.

सरावासाठी घरातलेच कागद पुरे आहेत. सोसायटीला दिलेल्या अर्जाची शिक्क्याची प्रत, आयकराची पोच, कुरिअरची चिठ्ठी, नोकरीवर रुजू होताना सही केलेला एखादा फॉर्म, असे तीन-चार कागद टेबलावर मांडावेत. प्रत्येक कागदाने पोच दिली की कबुली, हे कर्म पाहून ठरवावे आणि त्याखाली पेन्सिलीने एक मराठी वाक्य लिहावे. मग त्याच वाक्याचे इंग्रजी करावे, आणि त्यात 'दॅट' आला असेल, तर तो खरोखर हवा होता का, हे सही करण्याआधी पुन्हा वाचून पाहावे.